रेट्रोफिट मिलिंग मशीनचा स्पिंडल ब्रेक त्रास देतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं अशा लोकांसाठी आहे ज्यांनी जुनं नी टाइप मिलिंग मशीन, ब्रिजपोर्ट किंवा त्याच जातीतलं, घेऊन त्याचा जुना कंट्रोल काढून लिनक्ससीएनसी, मॅक 3 किंवा असाच दुसरा कंट्रोल बसवलाय, मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावलाय आणि आता स्पिंडलचा ब्रेक कधी लागत नाही, कधी सुटत नाही, कधी ड्राइव्हच ट्रिप मारतोय. एक गोष्ट आधीच सांगतो. रेट्रोफिटनंतर सुरू झालेला ब्रेकचा प्रॉब्लेम बहुतेक वेळा ब्रेकमध्ये नसतोच. तो असतो ब्रेकला हुकूम कोण देतंय आणि कुठल्या क्रमाने देतंय यात. जुन्या पॅनलमध्ये मोटरच्या कॉन्टॅक्टरचा (मोटरला वीज देणाऱ्या मोठ्या रिलेचा) एक छोटासा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट हा क्रम गुपचूप सांभाळायचा, आपण पॅनल रिकामं करताना तो कॉन्टॅक्ट भंगारात जातो आणि त्याचं काम नव्या वायरिंगमध्ये कुणाकडेच दिलेलं नसतं.

ब्रेक बिघडला, आधी हेड उघडू का?

नाही, हेड सगळ्यात शेवटी. आधी मेन बंद करा, कुलूप लावा, आणि स्पिंडल हाताने फिरवून बघा. मोकळा फिरतोय का, जड फिरतोय का, की अजिबात हलत नाही, एवढ्यावरून अर्धी दिशा कळते. मग तीन थर वेगळे करायचे: हुकूम येतोय का (कंट्रोलचं आउटपुट, रिले), ताकद पोचतेय का (कॉइलवर व्होल्टेज किंवा सिलिंडरवर हवा), आणि शेवटी घर्षण होतंय का (शू, त्यावरचं घर्षणाचं अस्तर म्हणजे लायनिंग, गॅप). याच क्रमाने गेलात तर पहिल्या दोन थरांना फक्त मल्टिमीटर आणि कान लागतात, पाना लागतच नाही.

माझ्या मशीनवर नेमका कुठल्या प्रकारचा ब्रेक आहे हे कसं ओळखायचं?

हे ओळखल्याशिवाय पुढचं काहीच करू नका कारण दोन प्रकारांची वायरिंग एकमेकांच्या बरोब्बर उलटी असते. जुन्या हेडवर हाताच्या लिव्हरने शू फाकवून पुलीच्या हबवर आतून दाबणारा ब्रेक असतो, काही सीएनसी हेडवर तीच लिव्हर हवेचा छोटा सिलिंडर ओढतो. दुसरा प्रकार म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिक, आणि त्यात पुन्हा दोन जाती आहेत. एकात वीज दिली की ब्रेक लागतो. दुसऱ्यात स्प्रिंगने ब्रेक कायम लागलेला असतो आणि वीज दिली की सुटतो, याला लोक फेलसेफ ब्रेक म्हणतात, बहुतेक वेळा मोटरच्या मागच्या बाजूला फॅनच्या कव्हरखाली बसलेला असतो. ओळखायची सोपी रीत म्हणजे मेन बंद असताना स्पिंडल किंवा मोटरचा शाफ्ट हाताने फिरवा, घट्ट असेल तर स्प्रिंगवाला, मोकळा असेल तर वीजवाला. हवेच्या ब्रेकमध्ये हवा काढून हीच टेस्ट करा.

एक फसवणारी गोष्ट आहे इथे. बॅकगिअर (वेग कमी करणारे गिअर) असलेल्या हेडमध्ये क्लच न्यूट्रलला राहिला असेल तर पुलीला ब्रेक लागलेला असतानाही स्पिंडल खाली मोकळा फिरतो आणि माणूस ब्रेक गेला असं समजून हेड उघडायला बसतो. तेव्हा आधी गिअर नीट टाकून घ्या.

आणि काही मशीनवर ब्रेक असा काही नसतोच, फक्त ड्राइव्ह मोटरला थांबवत असतो, त्याचं खाली वेगळं लिहिलंय.

एम 5 (स्पिंडल थांबवायचा कोड) दिला की ड्राइव्ह ओव्हरकरंटवर ट्रिप होतो. ड्राइव्ह खराब झालाय का?

ड्राइव्ह बिचारा बरोबर काम करतोय. घडतंय असं की एम 5 आल्या आल्या ब्रेकचा रिले लागतो, शू पकडतात, पण ड्राइव्ह मात्र अजून त्याच्या डिसेलरेशन रॅम्पवर आहे, म्हणजे तो मोटरला ठरलेल्या वेगाने हळूहळू खाली आणायचा प्रयत्न करतोय आणि तिकडे ब्रेक तिला त्याच्यापेक्षा जोरात थांबवतोय. मोटर मागे पडली की ड्राइव्ह जास्त करंट ढकलतो, मर्यादा ओलांडली की ट्रिप.

यावर दोन स्वच्छ मार्ग आहेत. एक, ड्राइव्हचा स्टॉप मोड कोस्ट करा, म्हणजे रन सिग्नल गेला की ड्राइव्ह मोटर सोडून देईल, त्यानंतर थोड्या वेळाने ब्रेक लावा. दोन, ड्राइव्हला रॅम्पने खाली आणू द्या आणि ब्रेक अगदी शेवटी, वेग जवळपास शून्य झाल्यावर लावा. मला दुसरा मार्ग जास्त पटतो कारण त्यात लायनिंग झिजतच नाही, ब्रेकचं काम फक्त धरून ठेवण्याचं उरतं. पण ज्यांचा ड्राइव्ह छोटा आहे, ब्रेकिंग रेझिस्टर (थांबवतानाची ऊर्जा उष्णता करून जिरवणारा) नाही आणि मोठा कटर पटकन थांबवायचाय त्यांनी पहिला मार्ग घ्या. दोन्ही अर्धे अर्धे मात्र करू नका, रॅम्पच्या मध्येच ब्रेक म्हणजे रोज ट्रिप.

सुरू करताना घर्र असा आवाज येतो आणि मग स्पिंडल वेग पकडतो, कधी कधी ट्रिपही होतो.

हा त्याच आजाराचा दुसरा चेहरा. ब्रेक सुटायच्या आधीच ड्राइव्हला रन मिळतोय. हवेच्या ब्रेकला व्हॉल्व्ह सुटून सिलिंडर रिकामा व्हायला वेळ लागतो, स्प्रिंगवाल्या ब्रेकला कॉइलमध्ये चुंबक तयार व्हायला वेळ लागतो, आणि ड्राइव्ह तर काही मिलिसेकंदात सुरू होतो. म्हणून सुरू करताना क्रम असा: आधी ब्रेक सोडा, साधारण अर्धा सेकंद थांबा, मग रन द्या. थांबवताना याच्या उलट: आधी रन काढा, वेग खाली येऊ द्या, मग ब्रेक.

डोळ्यांनी बघायचं असेल तर ड्राइव्हच्या डिस्प्लेवर आउटपुट करंट लावून ठेवा आणि कमी स्पीडला, समजा 300 आरपीएमला, स्पिंडल सुरू करा. ब्रेक वेळेवर सुटत असेल तर करंट वर जाऊन लगेच खाली बसतो. उशिरा सुटत असेल तर आकडा वर अडकून राहतो आणि मग एकदम धपकन खाली येतो, त्याच क्षणी हेडमधून ब्रेक सुटल्याचा टक आवाज येतो. करंट आणि आवाज यांची ही जोडी एकदा पकडली की डिले किती वाढवायचा ते आपोआप कळतं.

लिनक्ससीएनसीमध्ये ब्रेकचं आउटपुट कुठून घ्यायचं?

हॅलमध्ये (लिनक्ससीएनसीत सिग्नल एकमेकांना जोडायची जागा) त्यासाठी वेगळी पिन आहेच, स्पिंडल 0 च्या खाली ब्रेक नावाची, ब्रेक लागायला हवा तेव्हा ती खरी होते. जुन्या 2.7 किंवा त्याआधीच्या कॉन्फिगमध्ये ही पिन मोशनच्या नावाखाली होती, 2.8 पासून एकापेक्षा जास्त स्पिंडलचा सपोर्ट आल्यामुळे नावं बदलली, त्यामुळे जुन्या मशीनची फाइल तशीच कॉपी केली तर पिन सापडत नाही असा एरर येतो. घाबरू नका, नाव दुरुस्त करा.

पण ही पिन सरळ रिलेला जोडली की वरचे दोन्ही प्रॉब्लेम येणार, कारण एम 3 (स्पिंडल सुरू करायचा कोड) ला ती लगेच खोटी होते आणि एम 5 ला लगेच खरी. मध्ये टाइमडिले नावाचा कंपोनंट टाका, त्यात चालू व्हायचा आणि बंद व्हायचा उशीर वेगवेगळा देता येतो. ब्रेकच्या सिग्नलला चालू व्हायचा उशीर तुमच्या रॅम्पच्या वेळेपेक्षा थोडा जास्त ठेवा, बंद व्हायचा उशीर शून्य ठेवा. आणि रनच्या सिग्नललाही वेगळा टाइमडिले लावून चालू व्हायला अर्धा सेकंद द्या. फक्त मग ॲट स्पीडची (स्पिंडलने वेग गाठल्याचं सांगणारी) पिनही नीट जोडा, नाहीतर स्पिंडलने वेग पकडायच्या आत फीड सुरू होऊन टूल जॉबमध्ये घुसेल, एन्कोडर (वेग मोजणारा सेन्सर) किंवा ड्राइव्हचं फ्रीक्वेन्सी गाठल्याचं आउटपुट असेल तर तेच ॲट स्पीडला द्या.

एन्कोडर असेल तर याहून चांगलं करता येतं: खरा वेग मोजून ठरावीक आकड्याच्या खाली गेल्यावरच आणि ब्रेकची पिन खरी असेल तरच ब्रेक. मग रॅम्प बदलला, कटर बदलला, तरी टाइमिंग परत जुळवायला लागत नाही.

स्प्रिंगवाला ब्रेक असेल तर पिन उलटी करून द्यायची हे विसरू नका, तिथे रिले लागला की ब्रेक सुटतो.

मॅक 3 मध्ये?

तिथे एम 3 आणि एम 5 च्या मॅक्रोमध्ये आउटपुट चालू बंद करून आणि मध्ये वेळ टाकून हे जमवतात. जमतं, पण माझं मत विचाराल तर फक्त सॉफ्टवेअरवर विसंबू नका. ड्राइव्हच्या रिले आउटपुटला रनिंग हे फंक्शन द्या आणि तो कॉन्टॅक्ट ब्रेकच्या सर्किटमध्ये असा टाका की ड्राइव्ह चालू असताना ब्रेक लागूच शकणार नाही. जुन्या पॅनलमधला तो हरवलेला ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट हाच होता, तो परत आणायचा. कंट्रोल कुठलाही असो, हे करा. काही ड्राइव्हमध्ये ब्रेक सोडण्यासाठीच वेगळं फंक्शन असतं, करंट आणि फ्रीक्वेन्सी बघून तो स्वतः रिले हलवतो, मॅन्युअलमध्ये शोधा.

मोटरचा ब्रेक मूळ मशीनवर उत्तम चालायचा, व्हीएफडी लावल्यापासून कमी स्पीडला सुटतच नाही.

मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडा (मेन बंद, ड्राइव्ह डिस्चार्ज झालेला). आत एक छोटा रेक्टिफायर दिसेल, आणि बहुधा त्याची एसी बाजू मोटरच्याच दोन टर्मिनलवर जोडलेली असेल. मोटर थेट मेनवर चालत होती तेव्हा हे अगदी सोयीचं होतं, मोटरला वीज आली की ब्रेकलाही आपोआप यायची. आता त्या टर्मिनलवर ड्राइव्हचं आउटपुट आहे, कमी फ्रीक्वेन्सीला व्होल्टेजही कमी, म्हणून कॉइल ओढत नाही, ब्रेक घासत राहतो, आणि वरून ड्राइव्हच्या पल्सनी रेक्टिफायरही मरतो.

उपाय एकच. ते लिंक काढा आणि रेक्टिफायरला वेगळी, स्थिर सप्लाय द्या, कॉन्टॅक्टरमधून. व्होल्टेज नेमप्लेटवर बघूनच द्या: 230 व्होल्ट एसी हाफवेव्ह रेक्टिफायरमधून साधारण 103 व्होल्ट डीसी देतं आणि फुलवेव्हमधून साधारण 207, त्यामुळे 103 किंवा 104 लिहिलेली कॉइल फुलवेव्हवर टाकली तर जळणार.

याच ठिकाणी अजून एक. कॉन्टॅक्टर फक्त एसी बाजूला असेल तर वीज गेल्यावर कॉइलचा करंट रेक्टिफायरमधूनच फिरत राहतो आणि ब्रेक लागायला उशीर होतो. डीसी बाजूही तोडली तर ब्रेक झटकन लागतो. मात्र तिथे डीसीला योग्य रेटिंगचा कॉन्टॅक्टरच पाहिजे. रिलेवर 250 व्होल्ट एसीला 10 अँपिअर लिहिलंय म्हणून तोच 100 व्होल्ट डीसी इंडक्टिव्ह लोडला चालेल असं अजिबात नाही, आर्क विझत नाही आणि कॉन्टॅक्ट चिकटतात. ब्रेक कधी कधी अडकतो, टपली मारली की सुटतो, ही तक्रार असेल तर पहिला संशय याच चिकटलेल्या कॉन्टॅक्टवर घ्या.

कॉइलवर 24 व्होल्ट दिसतात तरी ब्रेक हलत नाही.

24 कधी दिसतात? कॉइलची वायर काढून मोजले असतील तर ते काही खरं मोजमाप नाही. लोड जोडलेला असताना, हुकूम दिल्यावर, कॉइलच्या टर्मिनलवरच मोजा. बऱ्याचदा तिथे 19 किंवा 20 दिसतात, कारण त्याच छोट्या पॉवर सप्लायवर व्हॉल्व्ह, रिले, लाइट सगळं टांगलेलं असतं किंवा वायर बारीक आणि लांब असते.

मग वीज बंद करून कॉइलचा रेझिस्टन्स घ्या. हिशोब सोपा आहे, 24 व्होल्ट 20 वॅटची कॉइल असेल तर साधारण 29 ओहम यायला हवेत आणि करंट 0.8 अँपिअरच्या आसपास. एकदम कमी आला तर आत शॉर्ट, अनंत आला तर तुटलेली. दोन्ही ठीक असेल तर स्प्रिंगवाल्या ब्रेकमध्ये एअर गॅप तपासा. लायनिंग झिजलं की गॅप वाढतो आणि मग कॉइल आर्मेचरला ओढूच शकत नाही. नवीन ब्रेकला गॅप साधारण 0.2 ते 0.3 मिलिमीटर असतो, नेमका आकडा त्या ब्रेकच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये मिळतो. फिलर गेज तीन ठिकाणी घालून बघा, एकाच ठिकाणी नको, कारण आर्मेचर तिरकं बसलं असेल तर एका बाजूला गॅप बरोबर आणि दुसऱ्या बाजूला दुप्पट निघतो.

हवेचा ब्रेक लागतो जोरात, पण सुटतो हळू.

व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टवरचा सायलेन्सर काढून चालवून बघा. तेलाच्या वाफेने आणि धुळीने तो चोंदलेला असतो, हवा बाहेर पडायला जागाच नसते. हा पाच मिनिटांचा उपाय आहे आणि लोक याआधी सिलिंडर बदलून मोकळे होतात. तरीही हळू असेल तर सिलिंडरजवळ क्विक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसवा, लांब नळीतून हवा परत येण्याची वाट बघावी लागत नाही.

लागतोच कमी ताकदीने, तर गेज बघा, पण ब्रेक लागलेला असताना आणि त्याच वेळी ड्रॉबारही (स्पिंडलमध्ये टूल पकडून ठेवणारा दांडा) हवा घेत असताना. स्थिर असताना 6 बार दाखवणारं गेज त्या क्षणी कुठे जातं ते महत्त्वाचं. आणि जुन्या मशीनच्या व्हॉल्व्हची कॉइल 110 व्होल्ट एसीची असू शकते, नव्या पॅनलमधून 24 डीसी देऊन ती हलणार नाही. एसी कॉइल गुणगुणत असेल, थरथरत असेल तर प्लंजरच्या तोंडावर घाण बसली आहे किंवा शेडिंग रिंग तुटली आहे.

हुकूम बरोबर, हवा बरोबर, तरी ब्रेक घसरतो. आता उघडू का?

आता उघडा. मेन आणि हवा दोन्ही बंद, हवा सोडून दिलेली.

बेल्ट आणि पुली बाहेर काढल्यावर शूकडे टॉर्च धरून बघा. चांगलं लायनिंग मळकट, थोडं खरखरीत दिसतं, बोट फिरवलं तर अडकतं. घसरणारं लायनिंग काळं आणि चकचकीत असतं, त्यावर उजेड परत येतो, बोट सर्रकन सरकतं, याला ग्लेझ झालं म्हणतात. आणि कडेला तपकिरी चिकट राप दिसला तर ते तेल आहे, वरच्या बेअरिंगमधून, ऑइलकपातून किंवा कुणीतरी प्रेमाने जास्त ओतलेल्या तेलातून आलेलं. वरवर लागलेलं तेल ब्रेक क्लीनरने निघतं. पण लायनिंग तेल प्यायलेलं असेल तर ते गरम झालं की आतलं तेल पुन्हा वर येतं, आठ दिवस चालल्यासारखं वाटतं आणि परत घसरतं, ते बदलाच. आणि बदलताना तेल कुठून आलं ते आधी बंद करा, नाहीतर नव्या लायनिंगचंही तेच होणार.

शू एकाच टोकाला घासलेला दिसला तर पिव्हट जाम आहे किंवा ड्रमची गोलाई गेली आहे. डायल लावून ड्रम फिरवून बघा.

जुनं लायनिंग पॉलिश पेपरने घासून परत वापरलं तर?

जुन्या मशीनवर अजिबात नको. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की कायमची. हवेच्या गनने ब्रेक हाउसिंग साफ करणं सगळ्यात वाईट. ओल्या कापडाने पुसा, कापड पिशवीत बंद करा, योग्य मास्क घाला, आणि नवीन लायनिंग चिकटवून घ्या किंवा नवे शू बसवा. ड्रम घासायला हरकत नाही, पण तोही आधी ओला पुसून.

हेड एका बाजूला खूप गरम होतंय, ब्रेक घासतोय का बेअरिंग?

ब्रेकची जोडणी यांत्रिकरीत्या पूर्ण मोकळी करा, म्हणजे सिलिंडरची पिन काढा किंवा लिव्हर सुटी करा, आणि त्याच स्पीडला ड्राइव्हचा करंट परत बघा. करंट लक्षणीय खाली आला तर ब्रेक घासत होता. तसाच राहिला तर बेअरिंग किंवा बेल्टचा ताण. अंदाजाने बेअरिंग काढू नका.

ड्राइव्हच थांबवतोय तर मेकॅनिकल ब्रेक काढून टाकला तर चालेल?

मी काढणार नाही. ड्राइव्ह थांबवू शकतो पण धरून ठेवू शकत नाही, निदान साधा व्हीएफडी तरी नाही. ड्रॉबार सोडताना, टूल बदलताना स्पिंडल हलू नये म्हणून काहीतरी घट्ट पकडणारं लागतंच. शिवाय वीज गेली तर ड्राइव्हचं ब्रेकिंग संपलं.

थांबवताना ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेज दाखवतो.

फिरत्या स्पिंडलची ऊर्जा मोटरमधून उलटी ड्राइव्हच्या डीसी बसमध्ये (आतल्या डीसी साठ्यात) येते. 230 व्होल्टच्या ड्राइव्हचा बस साधारण 325 व्होल्टवर असतो, 415 वाल्याचा साधारण 587 वर, थांबवताना तो वर चढतो आणि पहिल्यात 400 च्या आसपास, दुसऱ्यात 800 च्या आसपास ट्रिप होतो. डिसेलरेशनची वेळ वाढवा, नाहीतर ब्रेकिंग रेझिस्टर लावा.

रेझिस्टर लावताना तीन गोष्टी. ड्राइव्हमध्ये ब्रेकिंग चॉपर (बसची जादा ऊर्जा रेझिस्टरकडे वळवणारा स्विच) आहे का ते बघा, नसेल तर नुसता रेझिस्टर लावून काही होत नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या किमान ओहमच्या खाली जाऊ नका, चॉपरचा ट्रान्झिस्टर उडतो. आणि रेझिस्टर ब्रेकच्या टर्मिनलवरच जोडायचा, बसच्या प्लस आणि मायनसमध्ये जोडला तर तो कायम चालू राहून लालभडक होतो. काम सुरू करण्याआधी मेन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि बसवर मीटर लावून व्होल्टेज गेल्याची खात्री करा, डिस्प्ले विझला म्हणजे बस रिकामा झाला असं नाही.

आणि डीसी इंजेक्शन?

त्यात ड्राइव्ह मोटरमध्ये डीसी सोडतो आणि सगळी ऊर्जा मोटरच्याच रोटरमध्ये उष्णता होऊन जिरते. शेवटचे काही आरपीएम मारायला उत्तम. वारंवार स्टार्ट स्टॉप असेल तर मोटर तापते, कारण तेव्हा तिचा स्वतःचा फॅनही थांबलेला असतो. सतत चालू ठेवून ब्रेकसारखं धरायला वापरू नका.

किती सेकंदात थांबायला हवं?

कटरवर अवलंबून आहे, पण हिशोब करून बघा म्हणजे घाई का नको ते कळेल. समजा मोटर, पुली, स्पिंडल आणि कटर मिळून जडत्व 0.02 किलोग्रॅम मीटर वर्ग आहे. 1500 आरपीएमला त्यात साधारण 250 ज्यूल ऊर्जा असते, 3000 ला साधारण 990, आणि 6000 ला जवळपास 3950. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट. हे 990 ज्यूल दोन सेकंदात जिरवायचे म्हणजे सरासरी 500 वॅट, सुरुवातीला त्याच्या दुप्पट. एका वेळेला काही वाटत नाही, पण प्रोग्राममध्ये दर मिनिटाला टूल बदलत असेल तर लायनिंग थंड व्हायला वेळच मिळत नाही. जास्त स्पीडवरून थांबवायचं काम ड्राइव्हला द्या, ब्रेक कमी स्पीडला वापरा, हे मी पुन्हा म्हणतोय ते म्हणूनच.

फार जोरात थांबवलं तर बेल्ट किंचाळतो आणि आट्याच्या शँकवर बसवलेलं बोरिंग हेड किंवा ड्रिल चक सैल होऊ शकतं, स्पिंडल थांबतो पण वजनदार हेड पुढे फिरायला बघतं. असं टूलिंग असेल तर रॅम्प लांब ठेवा.

इमर्जन्सी स्टॉप दाबला की स्पिंडल बराच वेळ फिरत राहतो, एम 5 ला मात्र लगेच थांबतो. असं का?

कारण इमर्जन्सीला तुम्ही ड्राइव्हचीच सप्लाय तोडताय. सप्लाय गेली की रॅम्प नाही, डीसी इंजेक्शन नाही, मोटर मोकळी. आणि ब्रेक वीज देऊन लागणारा असेल, त्याची 24 व्होल्टही त्याच वेळी गेली, तर ब्रेकही नाही. म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त गरज आहे तेव्हाच काही थांबवणारं शिल्लक नाही. हा या पानावरचा सगळ्यात गंभीर मुद्दा आहे, बाकी काही वाचलं नाही तरी हा वाचा.

आयईसी 60204-1 मध्ये स्टॉपच्या कॅटेगरी दिल्या आहेत: कॅटेगरी 0 म्हणजे लगेच वीज तोडणं, कॅटेगरी 1 म्हणजे आधी नियंत्रितपणे थांबवून मग वीज तोडणं. भरपूर जडत्वाच्या स्पिंडलला कॅटेगरी 1 योग्य पडते. डिले असलेला सेफ्टी रिले घ्या, बटण दाबलं की लगेच ड्राइव्हला स्टॉप जाईल, ड्राइव्ह रॅम्पने किंवा रेझिस्टरने थांबवेल, आणि ठरलेल्या वेळेनंतर कॉन्टॅक्टर पडेल किंवा एसटीओ (ड्राइव्हकडून मोटरला मिळणारा टॉर्क सुरक्षितपणे बंद करणारं फंक्शन) लागेल. हा डिले सेफ्टी रिलेमध्येच असावा, पीसीच्या भरवशावर नको. ब्रेक शक्यतो स्प्रिंगवाला ठेवा, आणि हवेचा असेल तर वीज गेल्यावर ब्रेक लागेल असा व्हॉल्व्ह निवडा, कॉम्प्रेसर बंद पडला तरी एकदा लागेल एवढी हवा राहावी म्हणून नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आणि छोटी टाकी लावा. स्प्रिंगवाला ब्रेक पूर्ण वेगावर एकदम लागणार असेल तर तो तेवढ्या ऊर्जेसाठी बनलेला आहे का तेही बघा, काही ब्रेक फक्त धरण्यासाठीच असतात.

ब्रेक लागला की कंट्रोल लिमिट ट्रिप दाखवतो, कधी कार्डच रीसेट होतं.

कॉइल बंद होताना तिच्यावर शेकडो व्होल्टचा झटका तयार होतो आणि तो शेजारच्या सिग्नल वायरमध्ये उडी मारतो. डीसी कॉइलवर डायोड उलटा लावा, कॅथोड प्लसला, आणि पॅनलमध्ये नाही तर कॉइलच्या जवळ. एसी कॉइलवर आरसी स्नबर. डायोडने कॉइलचा करंट हळू मरतो, त्यामुळे स्प्रिंगवाला ब्रेक लागायला उशीर होतो, तिथे व्हॅरिस्टर किंवा डायोडसोबत झेनर वापरा. आणि ब्रेकची वायर लिमिट स्विचच्या वायरबरोबर एकाच नळीतून नेऊ नका.

टॅपिंग करताना टॅप मोडतो, बाकी सगळं ठीक चालतं.

ब्रेक ड्राइव्हच्या झीरो स्पीड रिलेवरून चालतोय का बघा. रिजिड टॅपिंगमध्ये (स्पिंडल आणि झेड जोडीने चालवून आटे पाडणं) भोकाच्या तळाशी स्पिंडल उलटा फिरतो, म्हणजे एका क्षणी वेग शून्य होतो, रिलेला वाटतं थांबला, ब्रेक लागतो आणि स्पिंडल आणि झेडचा मेळ बिघडतो. लिनक्ससीएनसीची ब्रेकची पिन स्पिंडल थांबवायचा हुकूम आल्याशिवाय खरी होत नाही, म्हणून झीरो स्पीड आणि ती पिन दोन्ही खरे असतील तरच ब्रेक, असं जोडा.

पॉवर ड्रॉबार आणि ब्रेकचा काही संबंध ठेवायचा का?

हो. स्पिंडल थांबलाय आणि ब्रेक लागलाय हे दोन्ही असल्याशिवाय ड्रॉबारचा व्हॉल्व्ह उघडता येऊ नये, आणि ड्रॉबार सुटलेला असेपर्यंत ड्राइव्हला रन जाऊ नये. हे वायरिंगमध्ये करा.

दुरुस्तीनंतर टेस्ट कशी घ्यायची?

टूल न लावता, गार्ड बंद करून, 200 आरपीएमपासून. एम 3, एम 5, करंट बघा, आवाज ऐका. मग 500, 1000, पुढे. प्रत्येक स्पीडला इमर्जन्सीही दाबून बघा आणि थांबायला लागलेला वेळ लिहून पॅनलच्या दाराच्या आत चिकटवा. मग तुमचा सगळ्यात जड कटर लावून तेच, कमी स्पीडपासून आणि त्या कटरच्या मर्यादेतच. शेवटी दहा वेळा लागोपाठ स्टार्ट स्टॉप करून ब्रेकच्या हाउसिंगचं आणि मोटरचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या, दहाव्या वेळेला थांबायचा वेळ पहिल्यापेक्षा वाढलेला दिसला तर लायनिंग तापून पकड सोडतंय, रॅम्प अजून लांब करा.